ऑप्टिक डिस्क जन्मतःच वेगळी असेल तर? (पालकांनी आणि मोठ्यांनीही वाचावं)

पूर्णाकाठ

मी परभणी जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. ओपीडीत मोतीबिंदू आणि चष्म्याचे नंबर हेच जास्त. पण अधूनमधून एखादा रुग्ण येतो, त्याच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो आणि प्रत्येक चिठ्ठीवर वेगळं निदान. एकीवर काचबिंदू, दुसरीवर नसेला सूज, तिसरीवर 'नस सुकली'. तपासावं तर त्या माणसाची ऑप्टिक डिस्क जन्मापासूनच तशी असते. वर्षानुवर्षं थेंब घालून आणि काळजी करून माणसं थकलेली असतात. म्हणून हा धागा काढतेय.

पडद्यावर उमटलेलं चित्र मेंदूपर्यंत नेणारे दहा-बारा लाख तंतू डोळ्याच्या मागच्या बाजूला एके ठिकाणी गोळा होतात आणि तिथून नस होऊन बाहेर पडतात. ती जागा म्हणजे ऑप्टिक डिस्क. रुंदी जेमतेम दीड ते पावणेदोन मिलिमीटर. डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि भिंगातून आत बघतात, तेव्हा सगळ्यात आधी त्यांची नजर या चकतीवरच जाते.

चकतीच्या मधोमध थोडा खळगा असतो, त्याला कप म्हणतात. काचबिंदूत तंतू मरत जातात तसा कप मोठा होत जातो. मेंदूतला दाब वाढला तर उलट चकती फुगते, कडा पुसट होतात. या दोन्ही गोष्टी तपासणाऱ्याच्या डोक्यात कायम असतात आणि असायलाच पाहिजेत, कारण दोन्हींत उशीर परवडत नाही. अडचण पुढे आहे. काहींची डिस्क जन्मतःच मोठी असते. तंतू तेवढेच, जागा जास्त, त्यामुळे कपही मोठा दिसतो आणि काचबिंदूचा शिक्का बसतो. काहींच्या डिस्कमध्ये ड्रुसेन म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण असतात, त्यामुळे कडा वर आलेल्या, पुसट दिसतात आणि सूज वाटते. काहींची डिस्क तिरकी बसलेली असते, सोबत बहुतेक मायनसचा आणि सिलिंडरचा नंबर. अशा डोळ्याच्या फील्ड टेस्टमध्ये (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी) वरच्या-बाहेरच्या भागात कमी दिसतं, आणि दोन्ही डोळ्यांत तसं असलं की पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या, गाठीची शंका येते. गाठीमुळे आलेला दोष मधल्या उभ्या रेषेपाशी थांबतो. तिरक्या डिस्कचा दोष ती रेष पाळत नाही, आणि पूर्ण नंबर लावून टेस्ट परत केली की बऱ्याचदा कमीही होतो.

ओसीटीबद्दलही, म्हणजे पडद्याच्या आणि नसेच्या थरांच्या स्कॅनबद्दलही सांगते. रिपोर्टवर लाल रंग आला की लोक घाबरून जातात. मशीन तुमच्या तंतूंची जाडी सर्वसाधारण डोळ्यांच्या मापांशी ताडून बघतं. तुमची डिस्क मुळातच लहान, तिरकी किंवा फार मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यातली असेल, तर लाल येणारच. त्या एका कागदावर आयुष्यभराचं निदान होत नाही.

माझं कळकळीचं सांगणं एकच. डिस्कचा रंगीत फोटो काढून घ्या आणि जपून ठेवा. जन्मजात रचना वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहते, आजार मात्र बदलत जातो. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला तर मिनिटात जे कळतं, ते नुसत्या चिठ्ठीवरून कळत नाही. '०.७ कप' (म्हणजे कप चकतीच्या ०.७ पट) असं लिहिलेल्या चिठ्ठीचा पुढच्या डॉक्टरला तितकासा उपयोग नसतो, कारण लिहिणारा बदलला की आकडाही बदलतो.

तुमच्याकडे असं काही निघालं असेल तर लिहा.

मांजराथडी

ताई, फार गरजेचा विषय काढला. माझा भाचा नीटच्या तयारीसाठी लातूरला होता. डोकं दुखायलंय म्हणून डोळे दाखवले, तर थेट 'दोन्ही नसांना सूज, मेंदूत प्रेशर आहे' असं सांगितलं. घरात रडारड. एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं, एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढलं, सगळं नॉर्मल. तरी सूज आहेच म्हणाले आणि गोळ्या चालू ठेवल्या. त्या गोळ्यांनी पोराच्या हातापायाला मुंग्या, तोंडाची चव गेलेली, अभ्यास ठप्प.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याची सोनोग्राफी केली. जेल लावून पापणीवर प्रोब ठेवला. स्क्रीनवर नसेच्या तोंडाशी पांढरा चकचकीत ठिपका दिसला. त्यांनी मशीनचा आवाज कमी करावा तसा गेन खाली खाली आणला, बाकीचं सगळं काळं झालं तरी तो ठिपका तसाच चमकत होता. म्हणाले, हे ड्रुसेन, कॅल्शियम आहे, सूज नाही. मग माझ्या बहिणीचे डोळे तपासले तर तिच्यातही तेच. तिला चाळिशी ओलांडेपर्यंत पत्ताच नव्हता.

माझा प्रश्न : हे आधी केलं असतं तर पाठीत सुई टाळता आली असती का?

नेत्रतज्ज्ञ_संभाजीनगर

मांजराथडी, कदाचित टळली असती. पण मूल डोकेदुखी घेऊन आलं आणि डिस्कच्या कडा पुसट दिसल्या तर एमआरआय करायला सांगणं चूक म्हणता येणार नाही. सोनोग्राफी सोबत व्हायला हवी होती एवढंच म्हणेन. ती स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत होते. लहान मुलांत ड्रुसेन आत पुरलेले असतात, वरून दिसत नाहीत, विशीच्या आसपास हळूहळू वर येतात. म्हणून गफलत मुलांतच जास्त होते. आई-वडिलांची डिस्क बघणं हा तर फुकटचा पुरावा आहे, कारण हे घराण्यात चालतं.

खऱ्या सुजेत डिस्कच्या कडेवरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या धूसर होतात, आजूबाजूला बारीक रक्तस्राव दिसू शकतो. ड्रुसेनमध्ये वाहिन्या कडेवर स्पष्ट दिसतात, त्यांच्या फांद्या जरा विचित्र फुटलेल्या असतात आणि कप जवळपास नसतोच.

कोणी हे वाचून निर्धास्त होऊ नये म्हणून ठळक लिहितो. सकाळी उठल्यावर किंवा आडवं पडल्यावर वाढणारी डोकेदुखी, उलट्या, एकाचं दोन दिसणं, उभं राहिल्यावर क्षणभर अंधारी येणं, कानात नाडीसारखा आवाज, यातलं काही असेल तर 'माझं ड्रुसेनच असेल' म्हणत घरी बसू नका. त्याच दिवशी दाखवा. ड्रुसेन असलेल्या माणसालाही मेंदूचा दाब वाढू शकतो.

ड्रुसेनवर औषध नाही. मधली नजर बहुतेकांची चांगली राहते, पण कडेचं दिसणं वर्षानुवर्षांत कमी होऊ शकतं. म्हणून फील्ड टेस्ट वर्षातून एकदा. भाच्याला सांगा, अभ्यास कर.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातली. माझ्या नणंदेची मुलगी आता दीड वर्षाची आहे. तीन महिन्यांची होती तवापासून डोळे सारखे हलतात, नजर देत नाही. नणंद आणि नंदावा ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर निघतात ते पार उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. त्यामुळं अंगणवाडीत तपासणीची गाडी आली तवा पोर गावात नव्हती. मागं एका ठिकाणी दाखवलं तर म्हणले, दोन्ही नसा जन्मताच बारीक आहेत, याला इलाज नाही, परत यायची गरज नाही. एवढ्यावर विषय संपला.

सासूबाई म्हणतात ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. नणंद गप बसते. मला तिचं लई वाईट वाटतं. खरंच काहीच करता येत नाही का?

नेत्रतज्ज्ञ_संभाजीनगर

बालाघाट, याला ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेजिया म्हणतात. नसेत तंतूच कमी तयार झालेले असतात. डिस्क लहान, भोवती फिकट कडं, म्हणजे दोन वर्तुळं दिसतात. डिस्कपासून मॅक्युलापर्यंतचं (पडद्याचा मधला, बारीक बघण्याचा भाग) अंतर डिस्कच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त निघालं तर आम्हाला शंका येते. दोन्ही डोळ्यांत असेल तर एक ते तीन महिन्यांच्या सुमारास डोळे हलू लागतात, तुम्ही सांगताय तसंच.

नस वाढवता येत नाही, हे खरं. 'परत यायची गरज नाही' हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. या आजारात डोळ्याइतकीच, किंबहुना जास्त, काळजी पिट्युटरी ग्रंथीची असते. इथं कोणी बालरोगतज्ज्ञ असतील तर त्यांनी लिहावं.

दुधना

मी बालरोगतज्ज्ञ, जालना. बालाघाट, खालचं शांतपणे वाचा आणि नणंदेला फोनवर वाचून दाखवा.

डोळ्याची नस आणि मेंदूचा मधला भाग गर्भात शेजारी-शेजारीच घडतात. त्यामुळे नसा बारीक असलेल्या बऱ्याच मुलांत पिट्युटरीचे हार्मोन कमी पडतात. मेंदूचं दोन्ही अर्धगोलांमधलं पातळ पटल नसणं आणि नसा बारीक असणं या जोडीचं वर्णन द मॉर्सिए यांनी १९५६ मध्ये केलं, त्याला सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेजिया म्हणतात. पण पटल जागेवर असलं, एमआरआय अगदी स्वच्छ आला, तरी हार्मोन कमी असू शकतात. म्हणून एमआरआय नॉर्मल आला की सुटलो असं समजू नये.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी पडणं. ताप, जुलाब, ऑपरेशन अशा वेळी शरीराला ते जास्त लागतं. ते तयारच होत नसेल तर साध्या तापात मूल गळून पडतं, साखर उतरते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. उसाच्या फडात कोप टाकून राहणाऱ्या आईला रात्री पोर सुस्त वाटली, तर ती सकाळपर्यंत वाट बघेल. या मुलीच्या बाबतीत वाट बघायची नाही, हे तिला आधी माहीत असलं पाहिजे.

विचारून घ्या : जन्मल्यावर कावीळ बरेच दिवस राहिली होती का? साखर कमी झाली म्हणून काचेत ठेवलं होतं का? पोर सारखी पाणी मागते आणि लंगोट सारखी भिजवते का? उंची वयाच्या मानाने मागं पडलीय का? अंगणवाडीतलं वजन-उंचीचं कार्ड असेल तर ते सोन्यासारखं जपा.

तपासण्यांत सकाळचं कॉर्टिसॉल, साखर, सोडियम, आणि थायरॉइडसाठी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) आणि सोबत फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन). हे मुद्दाम लिहितोय. दोष पिट्युटरीत असला की टीएसएच नॉर्मल दिसू शकतं आणि थायरॉइड तरी कमी असतं. नुसतं टीएसएच करून 'थायरॉइड ठीक' म्हणून परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. एमआरआयसाठी मुलीला झोपेचं औषध द्यावं लागेल, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की पिट्युटरीची शंका आहे. आणि आज सगळे हार्मोन बरोबर आले तरी ते पुढे कमी पडू शकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी उंची मोजायची.

कमी असलेली हार्मोनं गोळ्यांनी, इंजेक्शनांनी भरून काढता येतात. इलाज नाही असं नाही.

पूर्णाकाठ

दुधना सरांनी लिहिलेलं मी छापून आमच्या ओपीडीत लावणार आहे.

ग्रहणाबद्दल. बालाघाट, सासूबाईंना माझ्याकडून सांगा की नस गर्भात पहिल्या काही महिन्यांतच घडते, तिचा ग्रहणाशी, चिरण्या-कापण्याशी काही संबंध नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही. पहिलटकरीण आणि कमी वयाची आई असेल तर हे थोडं जास्त दिसतं, एवढं अभ्यासांत आढळलंय. आपल्या भागात पोरींची लग्नं किती लवकर होतात हे मी वेगळं सांगायला नको. पण तो दोष त्या पोरीचा कसा? लग्न ठरवणारे दुसरेच असतात. नणंदेला एवढं नक्की सांगा, तुझ्या हातून काही चुकलेलं नाही.

जायकवाडी

एक वेगळा अनुभव लिहितो. मी शिक्षक, वय चौतीस. उजव्या डोळ्याने फळ्यावरच्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मध्ये धुरकट. मॅक्युलाखाली पाणी आहे, ताणतणावाने होतं, आपोआप जाईल असं सांगितलं. वर्षभर कमी-जास्त होत राहिलं. शेवटी एका पडद्याच्या तज्ज्ञांनी ओसीटीचा स्कॅन मॅक्युलापुरता न ठेवता डिस्कपर्यंत ओढून घेतला. डिस्कच्या बाहेरच्या खालच्या कडेला राखाडी खड्डा निघाला. जन्मापासून होता म्हणे. तिथूनच पाणी झिरपत होतं.

व्हिट्रेक्टमी, म्हणजे डोळ्याच्या आतला जेल काढायचं ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरला, काही दिवस मान खाली घालून राहिलो. पाणी हळू ओसरलं, महिनोन् महिने लागले. आता ओळी बऱ्यापैकी सरळ दिसतात. कुणाच्या मॅक्युलाखाली सारखं पाणी येत असेल तर डिस्क नीट बघितली का, एवढं विचारा.

नेत्रतज्ज्ञ_संभाजीनगर

अगदी बरोबर. हा ऑप्टिक डिस्क पिट. साधारण अकरा हजारांत एकाला असतो असं पुस्तकात असतं. पहिलं वर्णन १८८२ मधलं आहे, पण पाणी नेमकं डोळ्याच्या आतल्या जेलमधून येतं की मेंदूभोवतीच्या द्रवातून, यावर अजून एकमत नाही. पाणी येतं ते बहुतेक विशी ते चाळिशीत, तोपर्यंत माणसाला काही त्रास नसतो. पिट आहे पण पाणी नाही, अशांनी एकेक डोळा झाकून चौकटीचा कागद घरी बघत राहावा. ओळ वाकली की यायचं.

खाम

आमच्या मुलीच्या डाव्या डोळ्यात मॉर्निंग ग्लोरी नावाचा डिस्कचा जन्मजात दोष निघाला, वय तेव्हा तीन. तिरळेपणासाठी नेलं होतं. डॉक्टरांनी फोटो दाखवला : डिस्क मोठी, नरसाळ्यासारखी आत गेलेली, मधोमध पांढरट गोळा आणि कडेने रक्तवाहिन्या सरळ चहूबाजूंना पसरलेल्या. ओढ्याकाठी बेशरमीचं फूल असतं ना, डिट्टो तसं. तिचाही एमआरआय केला, रक्तवाहिन्यांसकट. यात मेंदूच्या तळाशी हाडात फट असू शकते आणि मोयामोया नावाचा वाहिन्या अरुंद होण्याचा आजारही असू शकतो, म्हणून. सुदैवाने काही निघालं नाही. पडदा सुटायचा धोका मात्र राहतो, म्हणून सहा महिन्यांनी दाखवतो.

मला लिहायचंय ते पट्टीबद्दल. सगळे म्हणाले, डोळा जन्मतःच खराब, पट्टी लावून पोरीला कशाला छळता. आमच्या डॉक्टरांनी समजावलं, की रचनेमुळे गेलेली नजर परत येत नाही, पण त्यावर आळशी डोळ्याची (न वापरल्याने मंदावलेल्या नजरेची) जी भर पडते ती लहानपणी काढता येते. चष्मा लावला, चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. पहिले काही आठवडे फार अवघड गेले, पट्टी ओढून फेकायची. मग मी पट्टीच्या वेळेतच तिला हरभरे निवडायला बसवायला लागलो. चांगले एका वाटीत, किडके दुसरीत. सुरुवातीला हाताने चाचपून निवडायची. आता बघून निवडते. आधी या डोळ्याने नुसती बोटं मोजायची, आता चार्टवरची वरची तीन अक्षरं सांगते. आम्हाला तेवढं पुष्कळ आहे.

आणि चष्म्याची काच पॉलिकार्बोनेटची, चांगल्या डोळ्यासाठी. विटीदांडू पूर्ण बंद.

पूर्णाकाठ

खाम, ही पोस्ट शंभर पालकांनी वाचायला हवी. यश प्रत्येकाला सारखं येत नाही, पण प्रयत्न न करताच सोडून देणं हे मुलावर अन्यायाचं आहे.

राहून गेलेलं एक : कोलोबोमा. गर्भात डोळ्याच्या खालच्या बाजूची चीर पाचव्या ते सातव्या आठवड्यात जुळते. ती जुळली नाही तर डिस्कचा खालचा भाग खोल राहतो, कधी बाहुलीही खालून फाटल्यागत दिसते. अशा मुलाची किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) जरूर करा, कानही तपासा. एका जनुकातल्या बिघाडाने डिस्क आणि किडनी दोन्ही एकदम बाधित होतात, आणि किडनीचं बरेच दिवस कळत नाही.

तेरणा

माझ्या भावाला एका डोळ्याने जन्मापासून जवळपास दिसत नाही, कोलोबोमाच. दुसरा ठणठणीत. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का?

पूर्णाकाठ

चांगला डोळा ६/१८ किंवा त्याहून बरा असेल आणि दुसऱ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर ३० टक्के धरतात. सवलतींसाठी २०१६ च्या कायद्याप्रमाणे किमान ४० टक्के लागतात. त्यामुळे नोंद होईल, पण आरक्षण वगैरे मिळणार नाही. कुणी एजंट '४० करून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. दोन्ही डोळे अधू असतील तर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) जिल्हा रुग्णालयात नक्की जा, लहान मुलांचंही निघतं.

बालाघाट

सगळ्यांचे आभार. आत्ताच नणंदेला फोन केला. कावीळ झाली होती, महिनाभर होती म्हणाली. पाणी पण लई पिते म्हणाली, रात्रीचंसुद्धा उठून मागते. ते आत्ता सांगली जिल्ह्यात कारखान्यावर आहेत. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून गावाकडं आल्यावर संभाजीनगरला नेऊ का? मुकादम मधी सोडंना, उचल घेतलेली आहे.

दुधना

नाही, पट्टा पडायची वाट बघू नका. लांबलेली कावीळ आणि रात्रीची तहान ऐकल्यावर तर मुळीच नाही. सांगलीतच आहेत तर मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज जवळ पडेल. या आठवड्यात बालरोग ओपीडीत न्यावं. जुनी चिठ्ठी नसली तरी चालेल, केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा : 'दोन्ही ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेजिया, लांबलेली कावीळ, जास्त तहान, पिट्युटरी तपासणीसाठी'. तोपर्यंत पाणी अजिबात तोडू नका, मागेल तेवढं द्या. उलट्या, ताप किंवा सुस्ती आली तर रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा.

पूर्णाकाठ

आणि मुकादमाचं बोलणं नणंदेच्या एकटीवर टाकू नका, नंदाव्याला बोलायला सांगा, लागलं तर तुम्ही फोन करा. वरचं वाक्य मी मोठ्या अक्षरात मराठी आणि इंग्रजीत लिहून फोटो काढून तुम्हाला निरोपात पाठवलाय. तो नंदाव्याच्या मोबाईलवर पाठवा, ओपीडीत तोच दाखवता येईल. मिरजेहून काय सांगितलं ते इथं लिहा, पुढचं संभाजीनगरचं बघू.